जड धातूंचा ताण आणि पालक : नाल्याच्या पाण्यावरचा प्रयोग कसा मांडावा? (कोल्हापूर)

हिरवी_नोंद

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. वनस्पतीशास्त्राचा प्रकल्प आहे. विषय : सांडपाण्यातल्या जड धातूंमुळे पालकात येणारा ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीत सुपरऑक्साइड, पेरॉक्साइडसारखे घातक ऑक्सिजन-पदार्थ साचणं). मांडणी अशी ठरतेय :

पंचगंगेकाठच्या शेतातली काळी माती, ५ किलोच्या कुंड्या. तीन कुंड्यांना नळाचं पाणी, तीन कुंड्यांना शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं. ३० दिवसांनी पानं काढून एसओडी, कॅटलेज, एपीएक्स (ताण विझवणारे एन्झाइम), एमडीए (पेशीपटलाच्या नासाडीची खूण) आणि प्रोलिन (ताणात साठणारं अमिनो आम्ल) मोजायचं. नाल्याच्या कुंड्यांत एन्झाइम वाढलेले दिसले की धातूंचा ताण सिद्ध. दुसरा संच हायड्रोपोनिक्सचा, ५० मायक्रोमोलर कॅडमियम. यात काय चुकतंय, काय राहतंय?

पांढरी_मुळी

"सिद्ध" या शब्दापाशीच अडतंय. एसओडी, कॅटलेज, एपीएक्स हे झाडाचे अग्निशामक आहेत. आग लागलीय एवढं ते सांगतात, कोणी लावली ते सांगत नाहीत. पाण्याची ओढ, खारटपणा, कडक ऊन, बुरशी, अमोनिया, साबणाचा फेस, कशानेही सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं आणि हेच एन्झाइम वर जातात. नाल्याच्या पाण्यात यातलं बरंच काही एकत्र असतं. नळ विरुद्ध नाला अशी दोनच गटांची तुलना केलीत, तर फरक दिसेल, पण तो धातूचा की मिठाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

किमान चार गट हवेत :

पहिला नळाचं पाणी. दुसरा नाल्याचं पाणी. तिसऱ्यात नळाच्या पाण्यात सोडियम आणि कॅल्शियम क्लोराइड घालून विद्युतवाहकता (ईसी) नाल्याच्या पाण्याइतकी आणायची. चौथ्यात नळाच्या पाण्यात धातूंचे क्षार, नाल्याच्या पाण्यात प्रत्यक्ष जेवढे सापडले तेवढेच. तिसऱ्या गटातही एन्झाइम तेवढेच वाढले, तर दोष खारटपणाचा. चौथ्यात वाढले आणि तिसऱ्यात नाही, तर धातूकडे बोट दाखवता येईल.

कुंड्या प्रत्येक गटात निदान पाच. एका कुंडीतली पाच पानं म्हणजे पाच आवृत्त्या होत नाहीत, ती एकच आवृत्ती. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदला, नाहीतर भिंतीकडच्या कुंड्यांची सावलीच तुमच्या निकालात उतरेल.

सामू_आठ

मातीची बाजू मांडतो.

आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तांबं, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच बऱ्यापैकी असतात. एकूण धातू मोजून "प्रदूषण" म्हणणं म्हणून फसवं. अॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १ भाग) माती उकळून येणारा आकडा आणि मुळाला प्रत्यक्ष मिळणारा धातू यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. झाडाशी जुळवून बघायचा असतो तो डीटीपीएचा (मातीतला सैल धातू सोडवून घेणाऱ्या रसायनाचा) आकडा. चुनखडीच्या, सामू (पीएच) सातच्या वर असलेल्या जमिनींसाठी लिंडसे आणि नॉरवेल यांनी १९७८ साली दिलेली हीच पद्धत आजही चालते : ०.००५ मोलर डीटीपीए, ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमाइन, सामू बरोबर ७.३. १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, २ तास हलवणे, गाळणे. वेळ आणि हलवण्याचा वेग प्रत्येक नमुन्याला तोच हवा, कारण ही पद्धत समतोलाला पोचत नाही. अडीच तास हलवलं की आकडा वाढतो.

नमुना घेताना सगळ्यात जास्त घोळ भांड्यांचा होतो. गॅल्व्हनाइज्ड बादलीत माती गोळा केली की जस्त आलं, त्याच्याबरोबर थोडं कॅडमियमही येऊ शकतं. पितळी चाळणीतून चाळली की तांबं आणि जस्त. वाळलेलं पान स्टीलच्या मिक्सरमध्ये फिरवलं की क्रोमियम आणि निकेल. प्लास्टिकची बादली, लाकडी उलथनं, २ मिमीची नायलॉनची चाळणी, अगेटचा किंवा निदान चिनी मातीचा खल. आणि शेतमालकाला आधी विचारा : त्या वाफ्यावर बोर्डो मिश्रण किंवा मॅन्कोझेब कधी मारलं होतं? पहिल्यात तांबं आहे, दुसऱ्यात मँगनीज आणि जस्त.

पाण्याचा नमुना धातूंसाठी घेतलात तर बाटलीतच शुद्ध नायट्रिक अॅसिड घालून सामू २ च्या खाली आणा, नाहीतर अर्धा धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतो. मात्र हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेच्या) क्रोमियमसाठी वेगळी बाटली, अॅसिड न घालता, बर्फात, आणि २४ तासांच्या आत मोजणी. अॅसिडात सेंद्रिय पदार्थ त्याचं ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) करून टाकतात आणि तुम्ही "सापडलं नाही" असं लिहून मोकळे होता.

हिरवी_नोंद

क्रोमियमचं आणखी सांगाल का? प्लेटिंग आणि कापडाच्या रंगाईचं पाणी या जिल्ह्यातल्या विषयाला धरून आहे.

सामू_आठ

प्लेटिंगच्या पाण्यात निकेल, क्रोमियम, तांबं असू शकतं. काही रंगांच्या रेणूतच तांबं किंवा क्रोमियम बांधलेलं असतं. चांदीकामात डाग द्यायच्या (सांधे जोडायच्या) मिश्रधातूत तांबं, जस्त आणि काही प्रकारांत कॅडमियम. पण धंदा बघून धातू गृहीत धरू नका, मोजा.

क्रोमियमची गंमत ही, की बाकीच्या धातूंचा नियम त्याला उलटा लागतो. कॅडमियम, शिसं, निकेल हे धन आयन. सामू वाढला की मातीला घट्ट धरतात. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम म्हणजे क्रोमेट, ऋण आयन. सामू ८ च्या काळ्या मातीत ते धरलंच जात नाही, पाण्याबरोबर मुळाशी आणि खाली विहिरीपर्यंत जातं. त्यामुळे "चुना टाका, धातू बसतील" हा सल्ला आपल्या जमिनीत क्रोमियमसाठी घातक. त्यावर उपाय शेणखत, कुजलेलं कंपोस्ट. सेंद्रिय कर्ब त्याचं ट्रायव्हॅलंटमध्ये रूपांतर करतो आणि ते जागेवर बसतं.

पांढरी_मुळी

आत शिरताना प्रत्येक धातू दुसऱ्याच्या दारातून शिरतो, हे लक्षात घेतलंत तर निकाल वाचता येतील. कॅडमियम लोह आणि जस्ताच्या वाहकांतून आत येतं, क्रोमेट सल्फेटच्या वाहकातून, आर्सेनेट फॉस्फेटच्या. भातात आर्सेनाइट तर सिलिकाच्या वाटेने जातं. त्यामुळे लोह कमी पडलेलं झाड कॅडमियम जास्त ओढतं. लोह शोधायला उघडलेली दारं ती, आणि समोर उभं कॅडमियम.

आत आल्यावर दोन वाटा. तांबं आणि लोह स्वतः इलेक्ट्रॉनची देवघेव करतात, हायड्रोजन पेरॉक्साइडचं थेट हायड्रॉक्सिल मूलक बनवतात. फेंटन अभिक्रिया ती हीच. कॅडमियम आणि शिसं हे करत नाहीत. ते प्रथिनांच्या सल्फहायड्रिल गटांना चिकटतात, एन्झाइममधून जस्त-कॅल्शियमला हुसकतात, पेशीपटलावरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज (सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम) चेतवतात, आणि मुख्य म्हणजे ग्लुटाथायोन (पेशीतला ताण विझवणारा छोटा रेणू) संपवतात.

ते कसं? झाड कॅडमियमला बांधायला फायटोकेलॅटिन बनवतं. ग्लुटाथायोनचेच तुकडे एकापुढे एक जोडून केलेली ही छोटी साखळी, २ ते ११ घटकांची, १९८५ साली ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी ओळखलेली. कॅडमियमला त्यात गुंडाळून रिक्तिकेत कोंडायचं. म्हणजे धातू बांधायला जे लागतं, तेच पेरॉक्साइड विझवायलाही लागतं. एपीएक्सच्या चक्रात शेवटी ग्लुटाथायोनच खर्ची पडतं. पहिल्या एक-दोन दिवसांत पाल्यातलं ग्लुटाथायोन खाली गेलेलं दिसतं ते यामुळे. ग्लुटाथायोन मोजलं नाहीत, तर कॅडमियमच्या प्रयोगातला अर्धा मजकूर गेला.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ग्लुटाथायोनमध्ये सिस्टीन आहे, सिस्टीनमध्ये गंधक. गंधक कमी पडलेल्या कुंडीत झाड लवकर हरतं. म्हणून सर्व गटांना गंधकाचा पुरवठा सारखा ठेवा. एका गटाला सल्फेटच्या रूपात धातू आणि दुसऱ्याला क्लोराइडच्या रूपात, असं करू नका. लेड नायट्रेट वापरलंत तर नियंत्रण गटाला तेवढंच नायट्रेट पोटॅशियम नायट्रेटमधून द्या, नाहीतर शिशाच्या कुंड्या नत्रामुळे जास्त हिरव्या दिसतील.

थंड_खल

हायड्रोपोनिक्सबद्दल. ५० मायक्रोमोलर कॅडमियम म्हणजे लिटरला ५.६ मिलिग्रॅम. जमिनीतल्या पाण्यात एवढं जवळपास कधीच नसतं. त्यावर मिळालेला निकाल शेताला लावू नका. मात्रा निदान चार ठेवा : ०, १, ५, २५ मायक्रोमोलर, आणि दिवसही तीन : १, ३, ७. कारण एन्झाइमचा आलेख डोंगरासारखा असतो. कमी मात्रेला वर, जास्त मात्रेला खाली. एकाच मात्रेवर एकदाच मोजलं आणि कॅटलेज नियंत्रणाइतकंच आलं, तर झाड शांत आहे की हात टेकून बसलंय, कळत नाही.

साठा द्रावण : कॅडमियम क्लोराइडचं अडीच पाण्याचं मीठ (रेणुभार २२८.३५) ०.२२८ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. हे १० मिलिमोलर. यातलं लिटरला ०.१ मिली म्हणजे १ मायक्रोमोलर, २.५ मिली म्हणजे २५. बाटलीवर मिठात पाणी किती ते वाचा. एक रेणू पाण्याचं मीठही मिळतं आणि त्याचा रेणुभार वेगळा.

हॉगलंड (झाडांचं पोषक द्रावण) अर्ध्या ताकदीचं, सामू ५.८, रोज तपासून. शिसं वापरणार असाल तर फॉस्फेट त्याला तळाशी बसवतं. टबच्या बुडाशी पांढरट गाळ दिसला तर झाडाला शिसं मिळतच नाहीये. लोहासाठी घातलेलं ईडीटीए धातूलाही धरतं, म्हणून ते सगळ्या टबांत मोजून सारखं. आणि मुळं काढल्यावर नुसती धुऊ नका, २० मिलिमोलर डायसोडियम ईडीटीएत १५ मिनिटं बुडवून मग तीनदा डिस्टिल्ड वॉटर. बाहेरून चिकटलेला धातू गेला नाही तर मुळातला आकडा फुगतो.

आता बाकड्यावरचं. पानं रोज त्याच वेळी, सकाळी ९ ते १० मध्ये, वरून तिसरं पूर्ण उमललेलं पान, शिरा काढून. लगेच द्रव नायट्रोजन. विभागात नसेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी ते लागतं, तिथून छोट्या कॅनमध्ये मिळू शकतं. खल आदल्या रात्री डीप फ्रीझरमध्ये.

एन्झाइमसाठी ०.५ ग्रॅम पान, ५ मिली ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, सामू ७.०, त्यात १ टक्का पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारं रसायन) आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए. पीव्हीपी विसरलात तर अर्क पाच मिनिटांत तांबूस होतो. फिनॉल प्रथिनांना चिकटतात आणि सगळे आकडे पडतात. एपीएक्सचा अर्क वेगळा काढा, बफरमध्ये १ मिलिमोलर अॅस्कॉर्बेट घालून. ते नसलं तर हरितलवकातलं एपीएक्स क्युव्हेटपर्यंत पोचण्याआधीच मरतं. "आमच्या पालकात एपीएक्स नाहीच" असं लिहिलेल्या प्रबंधांत बहुतेक वेळा हाच दोष.

कॅटलेज : २४० नॅनोमीटर, १० मिलिमोलर पेरॉक्साइड, क्वार्ट्झचीच क्युव्हेट. काच आणि साधं प्लास्टिक २४० ला आरपार नसतं. पेरॉक्साइडचं द्रावण रोज ताजं. एपीएक्स : २९० नॅनोमीटर, ०.५ मिलिमोलर अॅस्कॉर्बेट, ०.१ मिलिमोलर पेरॉक्साइड, शोषण-गुणांक २.८. पेरॉक्साइड न घालता एक मिनिट आधी वाचा आणि तो उतार वजा करा.

हिरवी_नोंद

आधी करून पाहिलेल्या चाचणीत एमडीए आमच्याकडे ग्रॅमला ६ नॅनोमोलच्या आसपास येतंय, छापलेल्या लेखांत २५-३० दिसतं. पानं तर चांगली पिवळी पडली आहेत.

थंड_खल

पाचाने गुणायचं राहिलंय. उदाहरण करून दाखवतो.

०.५ ग्रॅम पान ५ मिली ०.१ टक्का टीसीएमध्ये (ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडमध्ये) वाटलं. गाळलेल्या अर्कातला १ मिली घेतला, ४ मिली टीबीए (एमडीएशी मिळून रंग देणारं रसायन) द्रावण घातलं (२० टक्के टीसीएत ०.५ टक्का टीबीए), ९५ अंशाला ३० मिनिटं, मग थेट बर्फात. शोषण ५३२ नॅनोमीटरला ०.१३०, ६०० ला ०.०३७. फरक ०.०९३. भागिले १५५ (एमडीएचा शोषण-गुणांक) म्हणजे ०.०००६ मिलिमोलर, म्हणजे मिलीला ०.६ नॅनोमोल. हे ५ मिली मिश्रणातलं, म्हणून अर्काच्या १ मिलीत ३. अर्क ५ मिली, म्हणून १५. पान अर्धा ग्रॅम, म्हणून ग्रॅमला ३० नॅनोमोल. मधलं १ चं ५ झालेलं विसरलं की ६ येतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपला देशी पालक हा बीटच्या कुळातला. देठाला लाली असेल, किंवा तुलनेला लाल माठ घेणार असाल, तर त्यातला बीटासायनिन नेमका ५३५-५४० च्या आसपास प्रकाश शोषतो. तो एमडीए म्हणून मोजला जातो. प्रत्येक नमुन्याची जुळी नळी करा, सगळं तेच, फक्त टीबीए नाही. तिचं वाचन वजा करा. साखरेचा अडथळा ४४० च्या वाचनावरून काढतात. हॉजेस आणि सहकाऱ्यांची १९९९ ची दुरुस्ती यासाठीच आहे.

पांढरी_मुळी

भाजक कोणता घेताय तेही लिहा. धातूच्या ताणात विरघळणारी प्रथिनं कमी होतात. एन्झाइम जेवढ्यास तेवढं राहिलं तरी "प्रति मिलिग्रॅम प्रथिन" भागल्यावर वाढलेलं दिसतं. "प्रति ग्रॅम ताजं वजन" भागलं तर पान सुकल्याने तसाच भास होतो. दोन्ही छापा, शिवाय पानातल्या पाण्याचं प्रमाण. दोन्हीत एकाच दिशेला गेलेला बदलच खरा धरा.

आणि यंत्राकडे जाण्याआधी मुळं हातात घेऊन बघा. निरोगी पालकाची मुळी पांढरी, लांब, बारीक उपमुळ्यांची झालर असलेली. कॅडमियममधली आखूड, टोकाशी जाडसर, तपकिरी, उपमुळ्या खुंटलेल्या. पानाचा डीएबी रंगही करा : मिलीला १ मिलिग्रॅम, सामू ३.८, पान आठ तास बुडवून, नंतर ९५ टक्के अल्कोहोलात दहा मिनिटं उकळायचं. हिरवा रंग उतरला की पांढऱ्या पडलेल्या पानावर पेरॉक्साइड असलेली जागा तपकिरी उरते. आधी शिरांच्या कडेने ठिपके, मग ते एकमेकांत मिसळून डाग. किती वाढलं ते आकडा सांगतो, कुठे वाढलं ते हा डाग सांगतो. डीएबी हाताळताना हातमोजे घालाच.

मळीकाठ

शेताकडून एक प्रश्न. नाल्याच्या पाण्यावरच्या उसाला आणि पालकाला केवडा पडतो. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोक थेट "विषारी पाणी" म्हणतात. ओळखायचं कसं?

सामू_आठ

चुनखडीच्या जमिनीत बहुतेक वेळा तो साधा लोहाचा केवडा असतो. फवारून बघा : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, सायंकाळी, आठवड्याने पुन्हा. नवी पानं हिरवी आली तर लोह कमी होतं.

पण यावर धातू नाहीच असा निष्कर्ष काढू नका. जास्तीचं कॅडमियम, निकेल किंवा जस्त लोहाची वाट अडवूनच केवडा पाडतात, आणि तोही लोह फवारल्यावर थोडा सावरतो. नाल्याच्या वाफ्यातलं आणि विहिरीच्या वाफ्यातलं एकाच वयाचं पान शेजारी ठेवा, आणि मुळी उपटा. मुळी पांढरी असेल तर लोहाचा संशय, तपकिरी आखूड असेल तर पान धातूंसाठी तपासायला द्या.

तपासायला देतानाही हिशेब असा : खाण्याच्या पालेभाजीत कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा ताज्या वजनावर किलोला कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम. पालकात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे वाळलेल्या पाल्यात साधारण २ आणि ३. अर्धा ग्रॅम वाळलेला पाला विरघळवून २५ मिली केला, तर शिशाचे ३ मिलिग्रॅम द्रावणात लिटरला ०.०६ होतात. फ्लेमच्या एएएसला (धातू मोजायच्या साध्या यंत्राला) हे काठावर पडतं. शिशासाठी ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी (जास्त संवेदनशील यंत्रं) मागा. "आढळले नाही" या शेऱ्याखाली यंत्राची किमान मर्यादा लिहून घ्या, नाहीतर त्या शेऱ्याला किंमत नाही.

पाला विरघळवताना आधी नुसतं नायट्रिक घालून रात्रभर ठेवा, परक्लोरिक दुसऱ्या दिवशी. ओल्या सेंद्रिय पदार्थावर थेट परक्लोरिक म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

मळीकाठ

मोहरी लावून जमीन साफ होते म्हणतात. एक-दोन हंगामांत?

पांढरी_मुळी

गणित करा. एकराची वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ९ लाख १० हजार किलो. त्यातलं कॅडमियम किलोला फक्त १ मिलिग्रॅमने उतरवायचं तर ९१० ग्रॅम उचलावं लागेल. मोहरीचा वाळलेला पाला एकरी ४ टन आणि त्यात किलोला १० मिलिग्रॅम धरलं, तर एका पिकात ४० ग्रॅम. म्हणजे तेवीस पिकं, आणि दर वेळी तो पाला जनावरांच्या तोंडी न जाता बाहेर गेला पाहिजे. ईडीटीए ओतून मोहरीला जास्त उचलायला लावतात, त्यात धातू विहिरीत उतरतो. तो मार्ग नको.

सामू_आठ

त्यापेक्षा धातू ताटात येऊ नये हे बघा. पालक, मेथी, चाकवत, अळू अशी पानं सगळ्यात जास्त साठवतात. वांगी, भेंडी, घेवडा यांच्या फळात त्यामानाने कमी जातं. एकरी ८-१० गाडी चांगलं कुजलेलं शेणखत, माती परीक्षणात जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट. जस्त दाराशी आलं की कॅडमियमला वाट कमी मिळते. गोळा केलेल्या केंदाळाचं (जलपर्णीचं) खत भाजीला घालू नका. केंदाळ मुळात धातू धरून ठेवतं, खत होताना वजन घटतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाण वाढतं. रस्त्याकडेच्या भाजीवर धुळीतलं शिसं वरवर असतं, ते दोन-तीनदा वाहत्या पाण्यात धुतल्यावर बरंच जातं. मुळातून आलेलं धुऊन जात नाही.

हिरवी_नोंद

चार गट, पाच-पाच कुंड्या, डीटीपीए, ग्लुटाथायोन आणि टीबीएविना जुळी नळी, एवढं मांडणीत घेते. प्रयोग संपल्यावर कॅडमियम घातलेल्या कुंड्यांच्या मातीचं आणि टबच्या पाण्याचं काय करायचं?

थंड_खल

बेसिनमध्ये ओतायचं नाही, विभागाच्या बागेत तर मुळीच नाही. टबचं पाणी झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये, वर "कॅडमियम, मात्रा, तारीख" असं लिहून. मुळं धुतलेलं पहिलं पाणी आणि ईडीटीएचं पाणीही त्यातच. कुंडीची माती, उरलेली रोपं, वापरलेले गाळणकागद जाड पिशवीत, दुहेरी. संस्थेच्या घातक कचऱ्याबरोबर ते अधिकृतरीत्या जाईल अशी नोंद प्रयोग सुरू करायच्या आधीच विभागप्रमुखांकडून करून घ्या. आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवायला विसरू नका, पहिल्याच पाण्याला बुडाच्या भोकातून धातू बाहेर पडतो. ताटलीत साचलेलं पाणी त्याच कुंडीत परत घालायचं.